गिअर पडण्याआधीचा क्षण

दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये गाडी घेताना गिअरबॉक्समध्ये दुसऱ्याची चाकं बाजूला होतात आणि तिसऱ्याची चाकं येऊन एकमेकांत अडकतात, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तसं काहीच होत नाही. आजच्या मॅन्युअल गाडीत पुढच्या सगळ्या गिअरच्या दातेरी चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. आपण दांडा हलवतो तेव्हा एक स्लीव्ह काही मिलिमीटर सरकते आणि हव्या त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडते. गिअर घासल्यावर जो करकर आवाज येतो तो या जखडणाऱ्या बारीक दात्यांचा.

अडचण असते ती वेगांची. समजा, दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर 1.9 आहे आणि तिसऱ्याचं 1.3. दुसऱ्यात इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर गाडीच्या त्याच वेगाला तिसऱ्यात ते सुमारे 2050 फेरे घेईल. म्हणजे गिअर बदलण्याच्या त्या एवढ्याशा वेळात जवळजवळ एक तृतीयांश गती उतरायला हवी. चालत्या गाडीत चढणाऱ्याला आधी तिच्या वेगानं धावावं लागतं, तसंच हे. वेग जुळल्याशिवाय दात दाताला धरत नाही.

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत ही जुळवाजुळव पूर्णपणे चालकाच्या अंगावर होती. क्लच दाबायचा, न्यूट्रलला यायचं, क्लच सोडायचा, खालच्या गिअरला जायचं असेल तर अंदाजानं रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. यालाच डबल क्लच म्हणतात. अमेरिकेतल्या अर्ल थॉम्प्सन या अभियंत्यानं यावर उपाय म्हणून वेग आपोआप जुळवणारा सिंक्रोमेश काढला. 1928 साली बाजारात आलेल्या कॅडिलॅकच्या 1929 च्या मॉडेलांमध्ये तो प्रथम बसला, तोही फक्त वरच्या दोन गिअरना. ब्रिटनच्या अल्व्हिस कंपनीनं 1933 मध्ये पुढच्या चारही गिअरना तो दिला. पुढे याच थॉम्प्सन यांच्या नेतृत्वाखाली हायड्रामॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तयार झाला, आणि त्यानं क्लचचं पेडलच काढून टाकलं. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरना आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीला पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हता. गाडी थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, ही जुन्या चालकांची शिस्त त्यातूनच आलेली.

सिंक्रोची रिंग एकदा हातात घेऊन बघावी. पितळेची, बांगडीएवढी. आतली बाजू किंचित निमुळती आणि तिच्यावर स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक खाचा. बाहेरून टोकदार छोटे दाते. स्लीव्ह सरकू लागली की ती आधी या रिंगला चाकाच्या निमुळत्या भागावर दाबते. खाचांच्या धारा मधला ऑइलचा थर कापतात, पितळ पोलादाला घासतं आणि चाकाचा वेग बदलू लागतो. खरी कमाल पुढे आहे. वेगात फरक असेतोवर घर्षणामुळे रिंग जराशी वळलेली राहते आणि तिचे दाते स्लीव्हची वाट अडवून धरतात. वेग सारखे झाले की तो रेटा संपतो, रिंग सरळ होते आणि स्लीव्ह अलगद आत जाते. ना सेन्सर, ना वीज. पितळेचा एक तुकडा घाईला नकार देतो. यंत्रशास्त्रात इतक्या कमी सामानात साधलेली इतकी नेमकी गोष्ट विरळाच.

हे कळलं की हाताला वळण लावणं सोपं जातं. दांडा मुठीत आवळायचा नाही. तळव्यानं हलका, सतत दाब द्यायचा आणि रिंगला तिचं काम करू द्यायचं. क्लच तळापर्यंत दाबायचा. तो अर्धवट दाबला तर रिंगला केवळ क्लच प्लेट आणि आतले हलके भाग नव्हे, तर इंजिनाशीही झुंजावं लागतं, आणि ती लवकर झिजते. सकाळी गाडी थंड असताना गिअर जड पडतो, कारण ऑइल घट्ट असतं. तेव्हा जोर वाढवायचा नाही, वेळ वाढवायचा.

मात्र गाडी आचका देते त्यात रिंगचा काही दोष नसतो. गिअरबॉक्समधली जुळणी ती करते. इंजिनाची जुळणी चालकाच्या पायालाच करावी लागते. वरच्या गिअरला जाताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिन आपोआप उतरतं, म्हणून क्लच पकड घेऊ लागेल तिथे पाय क्षणभर हळू केला की पुरतं. खालच्या गिअरला जाताना उलट. तिसऱ्यात 2000 वर असलेलं इंजिन दुसऱ्यात 2900 च्या पुढे जायला हवं. ती वाढ चालकानं थोडी रेस देऊन केली नाही, तर ती चाकांकडून ओढून घेतली जाते आणि माणसं पुढे झुकतात. आंबोली किंवा कशेडीचा घाट उतरताना हे नीट जमायलाच हवं. आधी ब्रेकनं वेग कमी करायचा, वळणाच्या अलीकडेच दुसरा टाकायचा, आणि वळणात क्लच दाबून ठेवायचा नाही. नाहीतर इंजिनाचा आवर सुटतो आणि सगळा भार तापलेल्या ब्रेकवर येतो.

रिव्हर्सला अनेक गाड्यांत अशी रिंगच नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून एक-दोन सेकंद थांबावं, म्हणजे आतला शाफ्ट फिरायचा थांबतो. तरीही करकर आली तर जुने चालक क्लच दाबलेलाच ठेवून आधी पहिला गिअर टाकतात आणि मग रिव्हर्स. आजच्या गाड्यांत पहिल्याची रिंग तो फिरता शाफ्ट जागच्या जागी थांबवते आणि रिव्हर्स बिनआवाज पडतो.