दोन फ्रेमच्या मधे कोणाचा हात?

फाउंडेशन संपत आलं की आर्टच्या पोरांच्या कट्ट्यावर एक वाद हमखास रंगतो. काही जणांना अ‍ॅनिमेशन करायचं असतं, कारण मनातलं जग उभं करता येतं. काहींना कॅमेरा घेऊन गावोगाव फिरायचं असतं, आहे ते टिपायचं असतं. पहिल्यांना वाटतं, फोटोग्राफर नुसतं बटण दाबतो. दुसऱ्यांना वाटतं, अ‍ॅनिमेटर नुसत्या थापा मारतो. तुम्हीही यातल्या एका बाजूला असाल, तर जरा थांबा. या दोन्ही वाटा आपल्या खान्देशातून गेल्यात.

चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. मूस (१९१२-१९८९) इंग्लंडमध्ये कला शिकून आले आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी जवळपास या घरातच काढली. रेल्वेने येणाऱ्या प्रेयसीची वाट पाहण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. ती बाजूला ठेवा आणि त्यांचे ‘टेबलटॉप’ फोटो बघा. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या आणि प्रकाश असा टाकायचा की बघणाऱ्याला मोठंच्या मोठं दृश्य वाटावं. स्टॉप मोशन करणारा तरी वेगळं काय करतो? मांडणी तीच. फक्त प्रत्येक फोटोनंतर तो वस्तू थोडीशी सरकवतो.

दुसरी वाट भुसावळची. तिथे मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्यांना अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं खपून केलेल्या त्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेल्या. पण मधल्या काळात गिल फोटोग्राफी शिकले होते. लेण्यांचे त्यांचे फोटो १८६४ मध्येच पुस्तकात छापून आले होते, म्हणून ते उरले. दस्तऐवज म्हणून फोटोची ताकद काय, ते इथे कळतं.

आता या दोन वाटा एकत्र कुठे येतात ते बघा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके हे मुळात आर्ट स्टुडंट. जे. जे. मध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) च्या आधी त्यांनी एक छोटी फिल्म केली. मटारचा दाणा कुंडीत पेरला, कॅमेरा एका जागी रोखला आणि कित्येक दिवस थोड्या थोड्या अंतराने एकेक फ्रेम घेतली. पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी आगकाड्या नाचवल्या. तंत्र तेच. एक फ्रेम, थांबा, पुढची फ्रेम.

मग फरक कुठे? दोन फ्रेमच्या मधे. मटारचं रोप स्वतःहून वाढत होतं. काड्या फाळके हलवत होते. डॉक्युमेंटरी करणाऱ्याने त्या मधल्या वेळेत हात घालायचा नाही. अ‍ॅनिमेटरने घालायचा, पण तो घातलाय हे लपवायचं नाही.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असं वाटेल. रावेर-यावलकडे वादळात केळीच्या बागा आडव्या होतात, तेव्हा बागेतला फोटो हा शेतकऱ्याचा पुरावा असतो. पंचनामा, भरपाई, विमा, सगळीकडे तो लागतो. अशा वेळी कुणी ‘इम्पॅक्ट’ यावा म्हणून मागच्या वर्षीचा फोटो फिरवला, किंवा एआयकडून आणखी चार झाडं पाडून घेतली, तर लाइक्स त्याला मिळतील. पण पुढच्या शेतकऱ्याच्या खऱ्या फोटोकडेही लोक संशयाने बघतील, आणि किंमत तो मोजेल.

याचा अर्थ रचलेलं सगळं खोटं, असा नाही. इस्रायली दिग्दर्शक आरी फोलमन यांची ‘वॉल्ट्झ विथ बशीर’ (२००८) ही लेबनॉन युद्धाच्या आठवणींवरची डॉक्युमेंटरी आहे आणि ती जवळपास सगळी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे. आठवणींचे फोटो नसतात, म्हणून त्या काढाव्या लागल्या. अगदी शेवटी मात्र खरं चित्रण येतं आणि आपण हादरतो. आपल्याकडेही असं करता येईल. चेहरा दाखवायला घाबरणारी एखादी शेतमजूर बाई असेल, तर आवाज तिचा घ्या, अहिराणीतच घ्या, आणि चित्र तुम्ही काढा.

तर दोन्ही करून बघा, फोन पुरे आहे. श्रावणात कानबाई बसेल, तेव्हा रोटांच्या तयारीपासून विसर्जनापर्यंत फोटो काढा. एकच अट. कुणालाही ‘पुन्हा एकदा करा ना’ म्हणायचं नाही. सुटलं ते सुटलं. मग घरी मूठभर शेंगदाणे घेऊन स्टॉप मोशन करा. सेकंदाला १२ फ्रेम धरल्या तरी १० सेकंदांसाठी १२० फोटो लागतात. ‘नुसतं बटण दाबणं’ आणि ‘नुसत्या थापा’ म्हणजे काय, ते दोन्हीकडून कळेल.

आणि एखादा रविवार चाळीसगावला जा. जळगावहून मुंबईच्या लाइनवरच आहे, धुळ्याहून तर थेट गाडी आहे. मूस यांच्या प्रत्येक फोटोसमोर स्वतःला विचारा, यात मांडलेलं किती आणि मिळालेलं किती? कोणती वाट धरायची ते परतीच्या गाडीत ठरवा.