बाळाच्या अंथरुणाची चादर

तान्हे मूल दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणावर असते. त्याची त्वचा नाजूक असते व तिचा कापडाशी सतत संबंध येतो. म्हणून त्याच्यासाठी चादर घेताना तिच्यावरील चित्रांपेक्षा तिचे सूत, वीण व रंग पाहावेत.

'चादर' हा शब्द आपण पांघरण्याच्या व अंथरण्याच्या, अशा दोन्ही वस्त्रांसाठी वापरतो. सन २००५-०६ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळालेली सोलापुरी चादर ही जाड व उबदार असल्याने पांघरण्यास उत्तम. परंतु बाळाखाली अंथरल्यास ती वरचेवर धुणे व वाळवणे कठीण जाते. अंथरण्यासाठी पातळ पण घट्ट विणीचे सुती कापड हवे. तमिळनाडूत इरोड जिल्ह्यातील चेन्नीमलई येथील हातमागाच्या चादरी प्रसिद्ध आहेत. गाव कोणतेही असो, पारख सारखीच. कडेचा एक धागा काढून जाळावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते. पॉलिएस्टरचा धागा वितळून त्याची कडक गोळी बनते. ओले पांढरे फडके घासल्यास त्यावर रंग उतरतो का, तेही पाहावे.

नव्या कापडात खळ असते, म्हणून ते धुऊनच वापरावे. पहिल्या धुण्यात सुती कापड आटते, तेव्हा चादर गादीखाली चारही बाजूंनी खोचता येईल एवढी मोठी घ्यावी. सैल चादर तोंडावर येऊन बाळाचा श्वास कोंडू शकतो. एक वर्षाखालील बाळाजवळ उशीही नसावी. आजीच्या जुन्या लुगड्याचे दुपटे मात्र महागड्या चादरीहून सरस ठरते, कारण त्यातील खळ व कच्चा रंग केव्हाच निघून गेलेला असतो.

ओली झालेली चादर प्रथम थंड पाण्यातून काढावी. तशीच ठेवल्यास जंतू मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार करतात; उग्र वास येतो तो त्याचाच. दुधाचे डाग गरम पाण्याने उलट पक्के बसतात. घरात खरूज झाली असेल, तर मात्र चादरी कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवाव्यात.

खरी अडचण येते ती वाळवण्याची. चेन्नईच्या उत्तरेस, आंध्र प्रदेशाच्या सीमेजवळ असलेल्या गुम्मिडिपूंडीसारख्या किनाऱ्यालगतच्या गावी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. कोकणात हीच स्थिती जून ते सप्टेंबरमध्ये असते. अशा वेळी कापड पंख्याखाली वाळवून, इस्त्री फिरवून मगच घडी करावे. दमट घडीला बुरशी लागते. मग कुबट वास जावा व कीड लागू नये म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात. बाळाच्या कपड्यांत त्या कधीही ठेवू नयेत. पुष्कळ गोळ्यांत नॅप्थॅलीन असते व त्याची वाफ कापडात मुरते. काही मुलांच्या रक्तात जी-६-पी-डी हे विकर जन्मतःच कमी असते. त्यांच्या तांबड्या पेशी या वाफेमुळे फुटू लागतात. त्यामुळे रक्तक्षय व कावीळ होते. नवजात बाळाच्या मेंदूलाही इजा पोहोचू शकते. आपल्या बाळात ही उणीव आहे किंवा नाही, हे रक्त तपासल्याखेरीज कळत नाही. गोळ्यांऐवजी सुकलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा आणि कपाट अधूनमधून उघडे टाकावे.

अशा गोळ्यांत ठेवलेले कापड वापरल्यावर बाळाचे डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद झाली किंवा ते मलूल पडले, तर त्याला त्वरित डॉक्टरांकडे न्यावे व गोळ्यांची गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.