'हम दोनो', पण वाजवणारे सहा!

दोस्तांनो, हिवरखेड असो, अकोट असो की तेल्हारा, वरात निघाली की बँडवाल्यांत कधी कधी एक चकचकीत, टोकाला वर वळलेलं वाद्य दिसतं. तेच सॅक्सोफोन! अंग पितळेचं, पण आवाज निघतो तो तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी थरथरते म्हणून. म्हणजे नातं बिगुलाशी कमी, आपल्या सनईशी जास्त! बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं.

याच सॅक्सोफोनची एक तबकडी १९६९ साली लंडनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत तयार झाली. संगीत जॅझ, गाव इंग्रजांचं आणि नाव मात्र चक्क 'हम दोनो'!

कोण हे दोघं? पहिला जो हॅरियट. जन्म १९२८, देश जमैका. अनाथ मुलांच्या अल्फा शाळेत तो वाढला आणि तिथंच वाजवायला शिकला. १९५१ साली तो लंडनला आला. दुसरा अमान्सिओ डिसिल्वा. गोव्याच्या घरातला, १९३६ साली मुंबईत जन्मलेला गिटारवाला. दोघंही आपल्या मुलखापासून हजारो मैल दूर!

सोबतीला आणखी चौघं होते. ट्रम्पेटवर इयन कार, बासवर डेव्ह ग्रीन, ड्रमवर ब्रायन स्प्रिंग आणि गायला नॉर्मा विन्स्टन. ती शब्द गातच नाही बरं का! आपल्याकडच्या आलापासारखा नुसता आवाज लावते, जणू गळा हेही एक वाद्यच.

जॅझमध्ये सगळं आधी लिहून ठेवलेलं नसतं. सुरुवातीला एक धून ठरते. मग एकेक जण पुढे येतो आणि त्याच क्षणी सुचेल ते वाजवतो. बाकीचे त्याला सांभाळून घेतात. शेवटी सगळे पुन्हा धुनेवर! गवई ताना घेऊन बंदिशीच्या मुखड्यावर येतो ना, काहीसं तसंच. म्हणून मुंबईच्या गिटारीला जमैकाचा सॅक्सोफोन परका वाटला नाही.

पण कौतुक पोट भरत नाही. हॅरियटचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. १९७३ साली, अवघ्या ४४ व्या वर्षी तो वारला. डिसिल्वा १९९६ साली गेला. आज जाणकार ही तबकडी शोधून शोधून ऐकतात.

तिच्यात गोव्याच्या नावाचीही एक रचना आहे, 'बॅलड फॉर गोवा'. मिळाली तर जरूर ऐका. आधी धून ओळखा, मग कोण कुठं भटकून आला ते पकडा. आणि पुढच्या वरातीत नाचता नाचता सॅक्सोफोनवाल्याकडेही एकदा बघा. त्याचाही दम लागलेला असतो!