सफारीतला न दिसणारा प्राणी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मसाई मारा आणि सेरेंगेटीचे फोटो यायला लागतात. दुबईहून नैरोबी म्हणजे पाचेक तासांचा विमानप्रवास, लंडनहून साडेआठ-नऊ तासांचा. तुम्हीही कदाचित जाऊन आला असाल, किंवा पुढच्या वर्षीचं ठरवत असाल. जरूर जा. पण या सफारीत तुम्हाला न दिसणारा एक प्राणी आहे. सिंह, तरस, वॉर्टहॉग, बुशबक अशा अनेकांच्या रक्तात तो राहतो आणि त्यांना सहसा काहीही त्रास देत नाही. माणसाच्या रक्तात शिरला, तर मात्र उपचारांशिवाय काही महिन्यांत जीव घेतो.

त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई ऱ्होडेसिएन्स. एकपेशीय परजीवी. त्याच्यामुळे होणारा आजार म्हणजे निद्रारोग, अर्थात स्लीपिंग सिकनेस. तो पसरवते त्सेत्से नावाची, दिवसाउजेडी चावणारी माशी.

निद्रारोगाचे दोन प्रकार आहेत. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला गॅम्बिएन्स मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. पूर्व आणि दक्षिण आफ्रिका खंडातला ऱ्होडेसिएन्स वेगवान आहे आणि त्याचं मूळ घर माणूस नाहीच. ते आहे जंगल. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2030 साठी गॅम्बिएन्सची साखळी पूर्ण तोडण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. ऱ्होडेसिएन्ससाठी मात्र ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या उरणार नाही’ एवढंच. हा फरक शब्दांचा खेळ नाही. सगळे रुग्ण शोधून बरे केले, तरी परजीवी हरणाच्या रक्तात शिल्लक राहणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

साठा म्हणजे नेमकं काय?

साथरोगशास्त्रात ‘रोगाचा साठा’ असा शब्द आहे. एखादा प्राणी कधीतरी संसर्गित सापडला म्हणून तो साठा ठरत नाही. माणसांत एकही रुग्ण नसताना ज्या प्राण्यांमध्ये तो जंतू पिढ्यान्पिढ्या टिकून राहतो आणि जिथून तो पुन्हा माणसात येऊ शकतो, ते प्राणी म्हणजे साठा. विहीर उपसून कोरडी केली तरी झरा चालू असेल तर पाणी पुन्हा भरतंच, तसंच काहीसं.

देवीच्या रोगाला असा झरा नव्हता. तो फक्त माणसात राहायचा, म्हणून लस देऊन तो पृथ्वीवरून घालवता आला. नारूचंही तसंच वाटत होतं. भारत 2000 साली नारूमुक्त जाहीर झाला. पण 2012 पासून आफ्रिकेतल्या चाडमध्ये कुत्र्यांमध्ये नारू सापडू लागला आणि अगदी टप्प्यात आलेलं निर्मूलन पुन्हा लांबलं.

झुलूलँडमधली कुत्री

1894 साली डेव्हिड ब्रूस हा ब्रिटिश लष्करी डॉक्टर झुलूलँडमधल्या उबोम्बो इथे पोचला. तिथली गुरं ‘नगाना’ नावाच्या आजाराने मरत होती. त्याला गुरांच्या रक्तात वळवळणारे ट्रिपॅनोसोम सापडले आणि ते त्सेत्से माशीमार्फत पसरतात हेही दिसलं. पण माशी ते आणते कुठून? ब्रूसने धडधाकट दिसणाऱ्या जंगली प्राण्यांचं रक्त कुत्र्यांना टोचलं. त्यातली काही कुत्री आजारी पडली. प्राणी ठणठणीत, पण त्यांच्या रक्तात जंतू हजर.

माणसाच्या आजाराचा धागा पुढे आजच्या झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्यात सापडला. तिथे संसर्ग झालेला एक रुग्ण लिव्हरपूलला आला आणि त्याच्या रक्तावरून 1910 साली स्टीफन्स आणि फॅनथम यांनी ऱ्होडेसिएन्सचं वर्णन केलं. त्याच रुग्णाच्या रक्तातले परजीवी रोजच्या रोज मोजण्याचं काम रोनाल्ड रॉस यांनी केलं. हो, सिकंदराबादला डासात मलेरियाचा परजीवी शोधणारे तेच रॉस. त्यांना आणि त्यांचे सहकारी थॉमसन यांना दिसलं की परजीवींची संख्या लाटांसारखी वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते.

या लाटांचं कारण कळायला पुढची अनेक दशकं लागली. ट्रिपॅनोसोमच्या अंगावर एकाच प्रथिनाचा दाट थर असतो, अंगरखाच म्हणा. आपली प्रतिकारशक्ती तो अंगरखा ओळखून हल्ला करते, बहुतेक परजीवी मरतात. पण तोवर काहींनी दुसरा अंगरखा चढवलेला असतो. त्यांची नवी लाट येते. असे अंगरखे बनवणारी हजाराहून अधिक जनुकं या जीवाकडे आहेत. त्यामुळेच जंगली प्राण्याच्या रक्तात तो दीर्घकाळ टिकून राहतो. आणि त्यामुळेच या रोगावर लस नाही.

एका जनुकाचा फरक

आता गंमत पाहा. गुरांना नगाना देणाऱ्या परजीवींपैकी एक आहे ट्रिपॅनोसोमा ब्रुसेई ब्रुसेई. तो आणि ऱ्होडेसिएन्स सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसतात. पण पहिला माणसाला काहीच करू शकत नाही. का?

उत्तर आपल्या रक्तात आहे. वार्षिक तपासणीच्या रिपोर्टमध्ये तुम्ही ज्याचा आकडा पाहून खूश होता, त्या एचडीएल म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या काही कणांवर एपीओएल-1 नावाचं प्रथिन बसलेलं असतं. ट्रिपॅनोसोम हे कण अन्न म्हणून गिळतो. आत गेल्यावर हे प्रथिन त्याच्या पटलांना भोकं पाडतं. तो फुगतो आणि फुटतो.

ऱ्होडेसिएन्सकडे एक जादा जनुक आहे, एसआरए. त्यापासून बनणारं प्रथिन एपीओएल-1ला पकडून निकामी करतं. माणसाच्या दृष्टीने निरुपद्रवी जीव आणि प्राणघातक जीव यांत एवढाच निर्णायक फरक.

या जनुकाचं हे काम सिद्ध झालं 1998 साली. त्याआधी हरणाच्या रक्तात मिळालेला परजीवी माणसाला घातक आहे की नाही, हे ओळखायचं कसं? 1958 साली हाइश, मॅकमहोन आणि मॅन्सन-बार यांनी केनियात एका बुशबकमधून मिळालेला परजीवी चक्क एका स्वयंसेवकाला टोचला. त्याला निद्रारोग झाला. जंगली प्राणी हा माणसाच्या रोगाचा साठा आहे याचा तो थेट पुरावा ठरला. आज असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मान्य करणार नाही. आज तेच उत्तर एसआरए जनुकाच्या चाचणीतून प्रयोगशाळेत मिळतं.

चंद्रपूरचा अपवाद

या कथेत एक महाराष्ट्राचं पानही आहे. भारतात त्सेत्से माशी नाही. पण ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी नावाचा भाऊबंद आहे. उंट, घोडे, म्हशी यांना त्याच्यामुळे ‘सर्रा’ होतो आणि तो रक्त पिणाऱ्या गोमाश्यांमार्फत पसरतो. तो माणसाला होत नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. 2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला.

तपासाअंती कळलं की या माणसाच्या एपीओएल-1च्या दोन्ही जनुकांत बिघाड होता, त्यामुळे ते संरक्षक प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतंच. सुरामिन या जुन्या औषधाने तो बरा झाला. गोठ्यातल्या जनावरांच्या रक्तातून हे परजीवी आपल्या इतक्या जवळ वावरत असतात आणि एका प्रथिनामुळे आपण सुरक्षित असतो. एरवी हे प्रथिन आपल्या लक्षातही येत नाही.

मग प्राणीच मारले तर?

हा विचार कागदावर राहिला नाही. विसाव्या शतकात झुलूलँडमध्ये आणि आजच्या झिम्बाब्वेत त्सेत्से निर्मूलनाच्या नावाखाली शिकारी नेमून जंगली प्राणी मारले गेले. झिम्बाब्वेत तर लाखांच्या संख्येने. माशीचं अन्न तोडलं की माशी मरेल, असं गणित होतं.

पुढे माश्यांच्या पोटातलं रक्त तपासून ते कोणत्या प्राण्याचं आहे हे ओळखता येऊ लागलं, तेव्हा गणितातली खोट दिसली. विल्डबीस्ट, झेब्रा, इम्पाला हे कळपांनी फिरणारे प्राणी त्सेत्से क्वचितच चावते. तिची पसंती वॉर्टहॉग, बुशबक, कुडू, रेडा यांना. म्हणजे ज्यांना मारणं सोपं, त्यातल्या अनेकांचा या प्रश्नाशी फारसा संबंध नव्हता. आणि बुशबक तर झाडोऱ्यात लपून एकेकटं राहणारं लहानसं हरीण. ते बंदुकीने संपवणं जवळपास अशक्य. झुलूलँडमधून त्सेत्से अखेर गेली ती दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतून फवारलेल्या डीडीटीमुळे. त्याची किंमत वेगळीच होती.

दुसरीकडे, आजचे अनेक रुग्ण कुरणांच्या कडेला राहतात. युगांडात साठ्याची भूमिका पाळीव गुरांनी घेतली. 1998 च्या सुमारास सोरोटी भागात आलेली साथ रोगग्रस्त भागातून बाजारात आणलेल्या गुरांशी जोडली गेली. इथे उपाय मात्र हाती होता. गुरांना औषधाचं इंजेक्शन द्यायचं आणि त्यांच्या पायांवर व पोटावर कीटकनाशक फवारायचं, कारण माशी बहुधा तिथेच बसते. अंगभर फवारणीपेक्षा हे कितीतरी स्वस्त. शेतकऱ्याची गाय वाचते आणि शेतकरीही.

गुराला इंजेक्शन देता येतं, सिंहाला नाही. म्हणून जंगलात लक्ष्य माशी असते. त्सेत्सेची मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवून जन्माला घालते. वंशवाढ इतकी संथ की रोज थोड्या माश्या मेल्या तरी संख्या कोसळते. निळा आणि काळा रंग तिला ओढून घेतो. पूर्व आफ्रिकेतल्या काही उद्यानांत रस्त्याकडेला निळ्या-काळ्या कापडाचे तुकडे टांगलेले दिसले तर ते कीटकनाशकात बुडवलेले सापळे आहेत, हे मुलांना जरूर सांगा.

तुम्ही काय करायचं

आधी प्रमाण लक्षात घ्या. अलीकडच्या वर्षांत ऱ्होडेसिएन्सचे नोंदलेले रुग्ण वर्षाला शंभराच्या आतबाहेर किंवा त्याहूनही कमी आहेत. सहल रद्द करण्याचं काहीच कारण नाही. पण त्या मोजक्या रुग्णांत पर्यटक असतात. 2012 मध्ये मसाई मारातून परतलेल्या युरोपीय पर्यटकांना हा आजार झाला होता.

प्रतिबंधक गोळी नाही, त्यामुळे कपडेच कामाला येतात. गडद निळे, काळे आणि झगझगीत रंग टाळा. खाकी किंवा मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे, जाडसर कपडे घाला. पातळ कापडातून माशी सहज चावते. अंगाला लावायची कीटकरोधक मलमं तिच्यावर फारशी चालत नाहीत. ती चालत्या गाडीच्या मागे येते, म्हणून जीपमध्ये शिरलेल्या माश्या आधी बाहेर काढा.

परतल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, चावलेल्या जागी लालसर, दुखरी गाठ दिसली, तर थांबू नका. तुमच्या गावातल्या डॉक्टरने हा आजार पुस्तकाबाहेर कधी पाहिलेला नसेल. ‘मी पूर्व आफ्रिकेतल्या अभयारण्यात होतो, मला माश्या चावल्या’ हे वाक्य तुम्हीच उच्चारायचं आहे. मलेरियाची तपासणी होईलच. फक्त किटवर न थांबता रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. किटला ट्रिपॅनोसोम कळत नाही, डोळ्याला कळतो. परजीवी मेंदूत पोचण्याआधी निदान झालं, तर उपचार सोपे असतात. पूर्वी मेंदूत पोचलेल्या आजारासाठी मेलार्सोप्रोल हे आर्सेनिकयुक्त औषध शिरेतून द्यावं लागे आणि त्या औषधानेच काही रुग्ण दगावत. 2024 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ऱ्होडेसिएन्ससाठीही फेक्सिनिडाझोल या पोटात घ्यायच्या गोळ्या आल्या आहेत.

बुशबक आणि हा परजीवी यांचा संसार आपण सफारीला जाण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तो मोडायला गेलेल्यांनी लाखो जनावरं मारली आणि तो मोडला नाही. आपल्या हातात आहे ते मधलं अंतर राखणं: गुरांना औषध, माशीला सापळा, रुग्णाला वेळेवर गोळी. आणि सहलीला निघताना बॅगेतला तो निळा टीशर्ट घरी ठेवणं.