फ्यूज उडाला? वायरचा तुकडा आण!

चिनीमातीचा तो पांढरा कटआउट आठवतोय? लाइट गेली की आधी शेजारी डोकावायचं. त्यांच्याकडे उजेड असेल तर आपलाच फ्यूज उडालेला! मग मेणबत्ती, स्टूल, टेस्टर आणि खालून सूचना देणारं अख्खं घर. फ्यूजवायरचं कार्ड ऐन वेळी सापडेल तर शपथ! मग जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा, फारच अडलं तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

५ अँपिअरची फ्यूजतार जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीची. जादा करंट आला की वितळणं हेच तिचं काम. आमचे काका मात्र चार पदर पिळून घालायचे. फ्यूज अमर, भिंतीतली वायर तापून लाल!

अजून कटआउट असेल तर मेन स्विच बंद करून योग्य अँपिअरचीच तार घाला. एमसीबी बसवलीत तर उत्तमच.