घरातले रीळ आणि व्हिडिओ



डहाणू तालुक्यातील गंजाड हे नाव आपण ऐकले असेल ते जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांच्या वारली चित्रांमुळे. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे, हे त्यातले दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. समजा, कोणाच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी तिकडे असाच नाच आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपला होता, आणि ते रीळ आज माळ्यावर सापडले. ते व्हिडिओवर कसे उतरवावे?

आधी त्याचा वास घ्यावा. हसू नका! व्हिनेगरसारखा आंबट दर्प आला, तर फिल्मचा अॅसिटेटचा पाया कुजू लागला आहे असे समजावे. अशी फिल्म आक्रसते आणि प्रोजेक्टरमध्ये फाटते. ती जाणत्याकडेच न्यावी. फिल्म धड असेल, तर प्रोजेक्टरमधील तिची वाट मऊ कुंचल्याने पुसून घ्यावी.

खरी मेख वेगात आहे. त्या काळचे घरगुती मूकपट बहुधा सेकंदाला 16 चित्रे या गतीने घेतलेले असत. आपल्याकडचा व्हिडिओ 25 चित्रांचा. चित्रास चित्र जोडून तसेच चालवले, तर नाच दीडपटीहून वेगाने धावेल आणि ती संथ पावले पळापळ वाटू लागतील. पडद्यावर दाखवून कॅमेऱ्याने टिपले, तर गती राखता येते; पण मग चित्र लुकलुकते. पुष्कळ प्रोजेक्टरांच्या शटरला तीन पाती असतात, म्हणजे एक चित्र पडद्यावर तीनदा झळकते. गती 18 ठेवली, तर 54 झळका होतात. कॅमेऱ्याचा हिशेब पन्नासाचा, म्हणून चित्र सेकंदाला चारदा धपापते. वेगाचे बटण फिरवून गती पावणेसतराच्या किंचित खाली आणली, की झळका बरोबर 50 होतात आणि लुकलुक थांबते. मूळ गतीत पडलेला फरक डोळ्याला कळतही नाही. कॅमेऱ्याचा शटर मात्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर पक्का करावा.

बाकीचे सोपे आहे. खोलीत अंधार करावा, खरखरीत पांढऱ्या कागदावर हातभर रुंदीचेच चित्र पाडावे, कॅमेरा प्रोजेक्टरला खेटून तिवईवर ठेवावा. उजेड, रंग आणि फोकस आपोआप बदलण्याची सोय बंद करावी. फिल्म मध्येच अडकली, तर दिवा तत्काळ विझवावा. त्याच्या उष्णतेने चित्र करपते.

या फिल्मला बहुधा आवाज नसतो. तारपा दिसेल, ऐकू येणार नाही. म्हणून टिपताना घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवावे. “हा कोण, हा पाडा कुठला, त्या वर्षी पाऊस कसा होता,” असे ते आपसांत बोलतील. प्रोजेक्टरच्या घरघरीतून ते बोलणेही कॅमेऱ्यात उतरते. ते पुसू नये. आणि नक्कल झाली म्हणून मूळ रीळही टाकू नये. ते थंड, कोरड्या जागी ठेवावे.