रक्त येत नाही म्हणून हिरड्या धड नसतात



गेल्या हिवाळ्यात आम्ही काही सभासद चिकूच्या बागा पाहावयास डहाणू-घोलवडकडे गेलो होतो. बागांची हकीकत सवडीने लिहूच. परतताना तलासरीच्या अंगाला एका पाड्यावर चहाला थांबलो. तेथे एक वारली बाबा गालाला फडके बांधून बसले होते. खालचे दोन दात हालत होते, तोंडाला वास येत होता. आमच्यापैकी एकाने विचारले, "बाबा, हिरड्यांतून रक्त येतं का?" कानावरची विडी काढीत ते म्हणाले, "रगत नाय येत. मंग आजार कसला?"

उत्तर आम्हालाही पटले होते. घरी आल्यावर ओळखीच्या दंतवैद्यांना सांगितले, तर त्यांनी कपाळाला हात लावला. विडी-सिगारेटने हिरडीतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्त कमी येते, आणि आत दाताचे हाड मात्र झिजतच राहते.

या रोगाला आपण पायोरिया म्हणतो. दाताच्या मुळाशी कीटण साचते, हिरडी सुजते आणि दातापासून सुटते. निरोगी हिरडीत ही फट एक ते तीन मिलिमीटर असते. त्याहून खोल गेली की तिचा खिसा होतो. तेथे ना दातवण पोचते ना ब्रश. त्यात जीवाणू वाढतात हे जुनेच ज्ञान. पण १९९० नंतर संशोधकांना या खिशांत विषाणूही सापडू लागले. अमेरिकेतील दंतशास्त्रज्ञ स्लॉट्स यांनी हर्पीसच्या कुळातील विषाणूंवर बोट ठेवले. ते अनेकांच्या अंगात लहानपणापासून गपचूप असतात. हिरडी सुजली की तेथे पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्यातूनच हे पाहुणेही येतात. मग तेथली प्रतिकारशक्ती ढिली पडते व जीवाणूंचे फावते, असे त्यांचे म्हणणे. आधी सूज की आधी विषाणू, हा वाद मात्र मिटलेला नाही.

दुसरा विषाणू अधिक काळजीचा. त्याचे नाव ह्यूमन पॅपिलोमा, म्हणजे एच.पी.व्ही. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्याने होतो हे दाखविल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घशाच्या मागच्या भागातील काही कर्करोगही त्यानेच होतात. कातडीला बारीक जखम असली की हा आतल्या थरात शिरतो, आणि सुजलेल्या हिरडीच्या खिशाला तर जखमच जखम. २०१३ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी ३,४३९ अमेरिकन स्त्री-पुरुषांची माहिती तपासली. ज्यांनी आपल्या तोंडाचे आरोग्य वाईट असल्याचे सांगितले, त्यांच्या तोंडात हा विषाणू असण्याचे प्रमाण ५६ टक्क्यांनी जास्त निघाले. पण ते लोकांनी आपल्या तोंडाने सांगितलेले. इतर कारणे वजा करून पाहिल्यावर काही अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. तेव्हा 'पायोरियाने विषाणू लागतो' असे कोणी छातीठोक सांगू लागला तर अर्धेच ऐकावे. या विषाणूविरुद्ध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली लस आणली, ती मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आहे.

आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आणि सुपारी, याविषयी मात्र शंका नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावल्याने हिरड्या घट्ट होतात असे आमच्या आईसुद्धा म्हणत. त्यांचे दात पन्नाशीतच गेले. (साखरेची बदनामी साखर कारखान्याच्याच अंकात कशी करावी? पण साखरेने दात किडतो, हेही येथे नोंदवून ठेवतो.)

त्या बाबांना दवाखान्यात या म्हटले होते. पण हिरडीचे काम एका खेपेत होत नाही. कीटण काढायचे, काही आठवड्यांनी पुन्हा खिसा मोजायचा, लागल्यास आणखी साफ करायचे. तिकडची कितीतरी माणसे दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर 'जगायला' जातात. तीच गत आपल्या ऊसतोड टोळ्यांची. उचल घेतली की गाव सुटले, आणि डॉक्टर म्हणतात पुढच्या महिन्यात या.

म्हणून व्यवस्थापनास आमची सूचना आहे. गळीत हंगामाच्या आरंभी तळावर जी आरोग्य तपासणी होईल, तीत दंतवैद्यांना बोलवावे, आणि महिन्याभराने त्यांनाच पुन्हा बोलवावे. हंगाम चालू असतो तोवर टोळी एका तळावर सापडते, दुसरी खेप तेव्हाच साधेल. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, किंवा तीन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर त्या माणसाला सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. गाडीचे भाडे कोणी द्यायचे, हे मुकादमाशी आधीच ठरवून घ्यावे.